पत्रावरची तारीख

मराठवाड्यात काम सोडण्याचा दिवस पूर्वापार ठरलेला असे: गुढीपाडवा. सालगड्याचं साल त्या दिवशी सुरू व्हायचं आणि पुढच्या पाडव्याला संपायचं. रोख किती, ज्वारी किती, कपडे आणि चपला कुणी घ्यायच्या, हे चार माणसांसमोर ठरायचं. मालकाशी पटलं नाही तरी गडी मुकाट्याने पाडव्यापर्यंत थांबे, कारण मधेच साल मोडून गेलेल्याला शेजारचा मालकही सहसा ठेवत नसे. पाडव्याला हिशेब होई आणि हिशेब चुकता झाला की गडी मोकळा होई. अडचण असे ती उचलीची. लग्नासाठी, दवाखान्यासाठी आधीच घेतलेली उचल फिटलेली नसली की मोकळं होण्याचा दिवस नुसता येऊन जाई आणि माणूस पुढच्या सालाला बांधला जाई. कर्जापोटी माणसाला असं कामाला जखडून ठेवणं १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरवलं.

त्या व्यवहाराचं गुणगान करण्याचं कारण नाही. पण त्यात एक गोष्ट स्पष्ट होती. काम सोडणं म्हणजे तारीख, हिशेब आणि साक्षीदार. लातूर-नांदेडमध्ये आज माणसं कोचिंग क्लासमध्ये, पतसंस्थेत, इंग्रजी शाळेत, नर्सिंग होममध्ये, दालमिलच्या ऑफिसात आणि मोटारसायकलच्या शोरूममध्ये नोकऱ्या करतात. पाडव्याची तारीख गेली आहे. उचलीच्या जागी बाँड आला, काही ठिकाणी कपाटात ठेवून घेतलेली मूळ गुणपत्रकं आली, सही करून घेतलेला कोरा चेक आला. नोकरीत जीव रमत नसलेला माणूस वर्षभर एकच प्रश्न उगाळतो: सोडू का? कशी सोडू, हा प्रश्न तो शेवटच्या रात्रीवर ढकलतो. नुकसान होतं ते बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नापाशी, म्हणून हे प्रकरण त्याच्याबद्दल आहे.

सोडण्याची सर्वात प्रचलित पद्धत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पगार खात्यावर जमा होतो, दुसऱ्या दिवशी माणूस येत नाही, फोन बंद लागतो. तिसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर एक ओळ येते की घरी अडचण आहे, मी आता येणार नाही. दुसरी पद्धत याच्या उलट. केबिनमध्ये कडाक्याचं भांडण, सगळ्या स्टाफसमोर चार शब्द, टेबलावर आपटलेल्या चाव्या. अँथनी क्लॉट्झ आणि मार्क बोलिनो या अमेरिकी अभ्यासकांनी २०१६मध्ये राजीनाम्याच्या अशा सात तऱ्हा नोंदवल्या. रीतसर भेटून, कारण सांगून आणि मुदत देऊन जाणारे त्यात आहेत, कारण न सांगता कोरडेपणाने जाणारे आहेत, साहेबाला आधीपासून विश्वासात घेणारे आहेत, आभार मानून निघणारे आहेत. आणि टाळाटाळ करत निसटणारे, सगळं जाळून जाणारे, क्षणात उठून चालते होणारेही आहेत. ही शेवटची तीन माणसं वाईट असतात असं मला वाटत नाही. फार दिवस सहन केल्यावर माणूस असाच बाहेर पडतो. पण तिघांच्याही हातात जाताना कागद नसतो.

आपल्याकडे फोन बंद करण्यामागे एक खास कारण असतं, ते अमेरिकेच्या अभ्यासात सापडणार नाही. नोकरी कुणाच्या तरी शब्दावर लागलेली असते. मामांनी संस्थेच्या अध्यक्षांना सांगितलेलं असतं, किंवा गावच्या सरपंचांनी पतसंस्थेच्या चेअरमनला. सोडणं म्हणजे मामांचा शब्द खाली पाडणं, असं वाटत राहतं. अशा वेळी पहिली भेट साहेबांची घेऊ नये, मामांची घ्यावी. ‘मामा, तुम्ही शब्द टाकलात म्हणून दोन वर्षं तिथं निभावलं. आता माझ्याच्यानं होत नाही. महिन्याची नोटीस देऊन, सगळा चार्ज देऊन निघतोय. तुम्हाला बाहेरून कळू नये म्हणून आधी सांगायला आलो.’ मामा रागावतील, रागावू द्यावं. नांदेडला किंवा लातूरला तीच माणसं पुढच्या लग्नात पंगतीला शेजारी बसणार असतात. त्यांना बाहेरून बातमी कळणं हेच त्यांना जास्त लागतं.

आता कागदाकडे येऊ. राजीनामा रागाच्या दिवशी लिहायला हरकत नाही, देऊ मात्र नये. हा नुसता वडीलधाऱ्यांचा सल्ला नाही, त्याला सर्वोच्च न्यायालयाने जागा करून दिलेली आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सतीश चंद्र यांनी ७ मे १९७७ रोजी राष्ट्रपतींना पत्र लिहून १ ऑगस्टपासून राजीनामा देत असल्याचं कळवलं. पुढे त्यांचं मन बदललं आणि १५ जुलैला त्यांनी तो मागे घेतला. दिलेला राजीनामा परत घेता येतो का, यावर खटला झाला. १९७८मध्ये घटनापीठाने बहुमताने सांगितलं की पुढची तारीख घालून दिलेला राजीनामा त्या तारखेच्या आधी मागे घेता येतो. नोकरीच्या नियमांत किंवा करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर हेच तत्त्व पुढे इतर नोकऱ्यांच्या खटल्यांतही लावलं गेलं. म्हणजे ‘आजपासून’ आणि ‘अमुक तारखेपासून’ या दोन शब्दप्रयोगांत फार मोठं अंतर आहे. ‘आजपासून’ लिहून तो लगेच मंजूर झाला की परतीची वाट बंद होते. पुढची तारीख घातली तर नोटिशीचा काळ हाच विचाराचाही काळ होतो.

खाजगी शाळांतल्या शिक्षकांना आणि लिपिकांना हे सगळ्यात जास्त माहीत असायला हवं, कारण त्यांच्यासाठी महाराष्ट्राने वेगळा कायदाच केला आहे. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७. शाळा अनुदानित असो वा विनाअनुदानित, मान्यताप्राप्त खाजगी शाळेला तो लागू होतो. त्याचं कलम ७ फक्त राजीनाम्याबद्दल आहे. राजीनाम्याचं पत्र दोन प्रतींत तयार करायचं, दोन्हींवर सही करायची, तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर्ड पोस्टाने व्यवस्थापनाकडे पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. शाळा समोरच्या गल्लीत असली तरी पत्र पोस्टाने का पाठवायचं? कारण अनेक संस्थांमध्ये नेमणुकीच्याच दिवशी शिक्षकाकडून कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवण्याची चाल होती. नको झाला की त्या सहीच्या वर चार ओळी टाइप करायच्या आणि ‘सरांनी स्वखुशीने राजीनामा दिला’ म्हणायचं. पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख संस्थेच्या कपाटातून येत नाही. पत्र खरंच त्या माणसाच्या हातून निघालं का, याला तो शिक्का साक्षीदार असतो. २०२५मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं. तेव्हा आता काउंटरवर नोंदणी आणि पोच या दोन्ही सोयी आवर्जून मागून घ्याव्यात आणि पावती प्रतीला टाचून ठेवावी.

कलम ७च्या जोडीला १९८१च्या नियमावलीतला नियम ४० वाचावा लागतो. कायम कर्मचाऱ्याने तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस द्यायची, कायम नसलेल्याने एका महिन्याची. तेवढे दिवस थांबायचं नसेल तर, व्यवस्थापनाने मान्य केल्यास, तितक्या मुदतीचं वेतन भरून लवकर मोकळं होता येतं. सुट्टीचा हक्क असलेल्या कर्मचाऱ्याला, म्हणजे मुख्यतः शिक्षकाला, आणखी अटी आहेत. सुट्टीत नोटीस देता येत नाही, सुट्टीचा कुठलाही भाग नोटिशीत येईल अशी ती देता येत नाही आणि पहिलं सत्र सुरू झाल्यापासून एक महिना देता येत नाही. कॅलेंडर समोर ठेवून हा नियम लावून पाहिला की शिक्षकाला वर्षात किती कमी वाटा उरतात ते दिसतं. शाळा जूनच्या मध्याला उघडते, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत थांबणं आलं. तेव्हा दिलेली तीन महिन्यांची नोटीस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जाते. दिवाळी उशिरा असेल तर ती बसते, लवकर असेल तर दिवाळीची सुट्टी आडवी येते. दिवाळीनंतर नोव्हेंबरच्या मध्याला दिली तर ती फेब्रुवारीच्या मध्याला संपते, नेमकी दहावी-बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर. जानेवारीत दिली तर एप्रिलमध्ये, उन्हाळी सुट्टीच्या आधी. दहावीचा वर्ग ज्यांच्याकडे आहे त्यांनी हीच शेवटची वाट धरावी असं मला वाटतं. मुलांचं वर्ष पुरं होतं आणि पुढच्या जूनच्या मुलाखतींना माणूस मोकळा असतो.

पण सही दमदाटीने घेतली गेली तर? अध्यक्षांच्या बंगल्यावर बोलावून, दार लावून, ‘सही करा नाहीतर चौकशी लावतो’ असं म्हटलं तर? त्या खोलीत धैर्य दाखवता आलं नाही म्हणून स्वतःला दोष देत बसू नये. बाहेर पडल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, लेखी कळवावं की अमुक वेळी अमुक ठिकाणी माझ्याकडून दबावाने सही घेण्यात आली, तो माझा राजीनामा नाही, मी कामावर हजर राहण्यास तयार आहे. एक पत्र संस्थेला, एक शिक्षणाधिकाऱ्यांना. त्या सहीच्या आधारे नोकरीवरून काढलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं आणि त्याची मुदत ३० दिवसांची आहे. महिनाभर घरात बसून मग वकील शोधणाऱ्याच्या हातातून ही मुदत निसटते. स्त्रीने त्रासामुळे नोकरी सोडायची ठरवली असेल तर आणखी एक मुदत ध्यानात ठेवावी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार २०१३च्या कायद्यानुसार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. राजीनामा दिला म्हणून तक्रारीचा हक्क संपत नाही, पण दिवस मोजले जातच असतात.

कोचिंग क्लास मात्र या शाळांच्या कायद्यात येत नाहीत. लातूरमध्ये हा फरक फार मोठा आहे, कारण ‘लातूर पॅटर्न’च्या नावाने वाढलेल्या या शहरात हजारो मुलं बाहेरगावाहून शिकायला येतात आणि शिकवणारेही दूरदूरून येतात. इथे राजीनामा चालतो तो नेमणुकीच्या कराराप्रमाणे आणि करारात बहुधा दोन अटी असतात. मुदतीआधी सोडलं तर अमुक रक्कम भरायची. आणि सोडल्यावर दोन-तीन वर्षं या शहरात दुसऱ्या क्लासमध्ये शिकवायचं नाही, स्वतःचा क्लास काढायचा नाही. दोन्ही अटी एकाच पानावर असल्या तरी कायद्याच्या नजरेत त्या सारख्या नाहीत. १८७२च्या करार कायद्याचं कलम २७ माणसाच्या धंद्या-व्यवसायावर बंदी घालणारा करार निरर्थक ठरवतं. नोकरी संपल्यानंतरची बंदी या कलमात अडकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९८०च्या एका निकालातून स्पष्ट झालं. नोकरीचा करार चालू असतानाच्या बंदीचं तसं नाही. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधल्या एका सुपरवायझरने १९६३मध्ये पाच वर्षांचा करार केला होता. टायरसाठी लागणारा धागा बनवण्याचं परदेशी तंत्र त्याला शिकवलं गेलं आणि वर्ष-दीड वर्षात तो जास्त पगारावर राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात गेला. १९६७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला: कराराची मुदत संपलेली नसताना स्पर्धकाकडे तेच काम करता येणार नाही.

पैशाच्या बाँडबद्दल अलीकडचा निकाल प्रत्येक नोकरदाराने वाचण्यासारखा आहे. विजया बँकेने आपल्या अधिकाऱ्यांकडून तीन वर्षं नोकरी करण्याचा आणि आधी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याचा बाँड घेतला होता. एका अधिकाऱ्याने २००९मध्ये दुसऱ्या बँकेसाठी राजीनामा दिला, निषेध नोंदवून दोन लाख भरले आणि बाँडलाच आव्हान दिलं. उच्च न्यायालयात तो जिंकला. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बाँड वैध ठरवला. अटीने नोकरी सोडण्याचा हक्क काढून घेतलेला नाही, बँकेला नव्या भरतीचा खर्च येतो आणि रक्कम त्या पदाच्या मानाने अवाजवी नाही, असं त्यामागचं म्हणणं आहे. बँकेच्या अधिकाऱ्याला परवडणारी रक्कम १५ हजारांवर शिकवणाऱ्या शिक्षिकेलाही तशीच लागू पडेल, असं मात्र या निकालावरून म्हणता येत नाही. तिच्या बाबतीत प्रशिक्षणावर खर्च झाला का, रक्कम पगाराच्या किती पट आहे, हे विचारावंच लागेल. म्हणून बाँड दिसला की हातपाय गाळू नयेत आणि तो फाडून टाकण्यासारखा आहे असंही समजू नये. त्याची प्रत मागून घ्यावी, ती वकिलाला दाखवावी आणि मगच पत्रावर तारीख घालावी.

सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या नोकरीत धोका वेगळाच आहे. तिथे ‘राजीनामा’ आणि ‘स्वेच्छानिवृत्ती’ हे शब्द घरात एकाच अर्थाने वापरले जातात आणि कागदावर त्यांची किंमत आयुष्यभराच्या पेन्शनइतकी असते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू आहेत. त्यातल्या नियम ४६प्रमाणे राजीनामा दिला की आधीची सगळी सेवा जप्त होते. नियम ६६प्रमाणे २० वर्षांची अर्हताकारी सेवा झालेला माणूस तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेऊ शकतो आणि त्याची पेन्शन टिकते. अर्जावरचा एक शब्द चुकला तर न्यायालयही सहज मदतीला येत नाही. २०१९मध्ये दिल्लीतल्या एका वीज कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राजीनामा तो राजीनामाच, वीस वर्षं भरली होती की नाही हा मुद्दा त्यात उरत नाही. दुसऱ्या सरकारी पदावर निवड झालेल्यांनी तर साधा राजीनामा देऊच नये. अर्ज योग्य मार्गाने गेलेला असावा आणि तांत्रिक राजीनामा देऊन कार्यमुक्तीचा आदेश घ्यावा, म्हणजे सेवा जोडून धरली जाते. स्पर्धा परीक्षेतून तलाठी, मग लिपिक, मग राज्यकर निरीक्षक अशा पायऱ्या चढणारी मुलं नांदेड-लातूरमध्ये घरोघरी आहेत. निकालाच्या आनंदात पहिल्या कार्यालयात दोन ओळींचा राजीनामा टाकून येणं त्यांना पुढे महागात पडतं.

खाजगी नोकरीत हिशेबाचे दोन मोठे आकडे असतात, ग्रॅच्युइटी आणि पीएफ. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत सलग पाच वर्षं झाली की राजीनामा देणाऱ्यालाही ग्रॅच्युइटी मिळते. खाजगी शाळांच्या शिक्षकांना हा हक्क २००९च्या दुरुस्तीने, ३ एप्रिल १९९७पासून, मिळाला आणि २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० असेल तर त्याला १५ने गुणून २६ने भागायचं, म्हणजे एका वर्षाचे सुमारे १०,३८५ रुपये होतात. पाच वर्षांचे जवळपास ५१,९२३. साडेचार वर्षं त्रास काढलेल्या माणसाने सहा महिने आणखी काढावेत का? तब्येत बिघडत असेल, रात्री झोप लागत नसेल, तर नको. नुसता कंटाळा असेल तर काढावेत. ५२ हजार रुपये म्हणजे पुण्यात खोली घेऊन दोन-तीन महिने काम शोधण्याची सोय आहे. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या श्रम संहितांमध्ये मुदतीच्या करारावर असलेल्यांना एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. त्यामुळे आपली नेमणूक कायम आहे की मुदतीची, हे नेमणूकपत्रात एकदा पाहून घ्यावं. त्याच संहितांप्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाची राहिलेली मजुरी दोन कामाच्या दिवसांत द्यायची असते. ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे उत्तर आता कायद्यात बसत नाही.

पीएफ काढण्याची घाई करू नये. नव्या नोकरीत तोच यूएएन देऊन खातं पुढे न्यावं, कारण दहा वर्षांची सेवा जुळली की पेन्शनचा हक्क तयार होतो. मालकाने पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नाही, ही इथली नेहमीची तक्रार आहे. शेवटचं अंशदान जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी ती तारीख कर्मचारी स्वतः भरू शकतो. आधार जोडलेलं असावं आणि मोबाइल क्रमांक चालू असावा, इतकंच.

आतापर्यंतचं सगळं गणित ज्यांना कमी पडतं असे लोक म्हणजे विनाअनुदानित शाळांतले शिक्षक. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं नाममात्र पगारावर किंवा पगाराविना, अनुदान येईल या आशेवर. आधी २० टक्के, मग ४०, मग ६०, मग ८०. नोकरी लागताना घरची दोन एकर विकलेली असते. ‘इतकं घातलं, आता सोडू कसं?’ हे त्यांचं वाक्य ऐकताना मला कुठलाही सल्ला देण्याचा संकोच वाटतो. मानसशास्त्राने या अडकण्याचा अभ्यास केला आहे. १९८५मध्ये हाल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या नाट्यगृहात वर्षभराची तिकिटं घेणाऱ्यांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखी सवलत दिली. पूर्ण पैसे मोजलेल्यांनी सुरुवातीच्या महिन्यांत जास्त नाटकं पाहिली. नाटकं सगळ्यांना सारखीच होती. खिशातून गेलेला पैसाच त्यांना ओढून आणत होता.

पण इथल्या शिक्षकाचं थांबणं निव्वळ अशा ओढीचं असतं असं समजणं अन्यायाचं होईल. टप्पा अनुदान खरोखर येतं, अनेकांना आलं आहे. म्हणून गेलेली वर्षं बाजूला ठेवून पुढच्या दोन वर्षांचे कागद पाहावेत. शाळा टप्प्याच्या यादीत आहे का? आपल्या पदाला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आहे का? शालार्थ या वेतनाच्या ऑनलाइन प्रणालीत आपलं नाव आहे का? तिन्हींना ‘हो’ असेल तर थांबण्याला आधार आहे. तिन्हींना ‘सचिव म्हणतात, होऊन जाईल’ एवढंच उत्तर असेल तर आपण कागदावर नव्हे, कुणाच्या तरी तोंडी शब्दावर थांबलो आहोत. आणि ज्यांचं मन खरोखर काट्यावर आहे त्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. स्टीव्हन लेव्हिट या अर्थतज्ज्ञाने निर्णय न होणाऱ्या लोकांना नाणं उडवायला लावलं. वीस हजारांहून जास्त वेळा नाणी उडाली. नोकरी सोडावी की नाही, असे मोठे प्रश्न त्यात होते. सहा महिन्यांनी पाहिलं तर बदल केलेले लोक न केलेल्यांपेक्षा जास्त समाधानी निघाले. हा निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. नाणं उडवून नोकरी सोडावी असा याचा अर्थ नाही. बराच काळ दोलायमान असलेली माणसं बदलाची भीती वाजवीपेक्षा मोठी करून पाहतात, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

पत्र कसं लिहावं याचा विचार करताना मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९५१चा राजीनामा आठवतो. नेहरूंच्या मंत्रिमंडळात त्यांची नाराजी जुनी होती. खातेवाटप, अनुसूचित जातींकडे होणारं दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, आणि शेवटी हिंदू कोड बिल. ते बिल मंजूर होईल ही आशा नसती तर आपण आधीच बाहेर पडलो असतो, असं त्यांनी पुढे सांगितलं. म्हणजे सोडायचं मनात येणं आणि सोडणं यांच्यामध्ये त्यांनी एक काम ठेवलं होतं. ते काम होणार नाही हे दिसलं तेव्हा २७ सप्टेंबरला त्यांनी राजीनामा पाठवला, आणि त्यानंतरही काही दिवस जबाबदारी सांभाळली. सविस्तर कारणं त्यांनी वेगळ्या निवेदनात मांडली. ऑक्टोबरमध्ये सभागृहात ते वाचण्याआधी त्याची प्रत मागितली गेली, तेव्हा ते बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांकडे दिलं. त्या निवेदनात कुठेही गोलमाल भाषा नाही. सार्वजनिक पदावरच्या माणसाने जनतेला कारणं सांगायलाच हवीत. पतसंस्थेतल्या कॅशियरवर ते बंधन नसतं, पण कारणं वेगळ्या कागदावर ठेवण्याची ती रीत त्यालाही उपयोगी आहे. तक्रार असेल तर ती तक्रार म्हणून, योग्य अधिकाऱ्याकडे, स्वतंत्र कागदावर द्यावी. राजीनाम्याचं पत्र फक्त राजीनाम्याचं असावं.

ते इतकंच लिहिलं तरी पुरतं: ‘मी अमुक तारखेपासून आपल्या संस्थेत अमुक पदावर काम करत आहे. मी या पदाचा राजीनामा देत असून नेमणूकपत्रातील अटीनुसार एक महिन्याची नोटीस देत आहे. माझा कामाचा शेवटचा दिवस अमुक तारीख असेल. तोपर्यंत माझ्याकडील कामाचा कार्यभार आपण सांगाल त्या व्यक्तीकडे सोपवीन. माझं देय वेतन, अनुभवाचा दाखला आणि जमा असलेली मूळ कागदपत्रं त्या दिवशी मिळावीत, ही विनंती.’ ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहावं की नाही, यावर मतं वेगवेगळी आहेत. त्रासाबद्दल पुढे दाद मागायची असेल तर ते शब्द लिहू नयेत. नंतर तेच शब्द आपल्याविरुद्ध दाखवले जातात. पत्र हाती दिलं तर दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्यावी. पोच द्यायला नकार मिळाला तर त्याच दिवशी पोस्टाने आणि ईमेलने पाठवावं.

नोटिशीचा महिना सगळ्यात अवघड असतो. सहकारी तोंड फिरवतात, साहेब टोचून बोलतात, हाताशी काम उरत नाही. तरीही तो महिना नीट काढावा. नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ मोमिनाबादला, आजच्या अंबाजोगाईला, शाळेचे मुख्याध्यापक होते. १९३८मध्ये हैदराबाद संस्थानातल्या लढ्यासाठी त्यांनी ते पद सोडलं, शाळा सहकाऱ्यांच्या हाती ठेवली आणि ते तुरुंगाच्या दिशेने गेले. योगेश्वरी या त्या शाळेचं काम पुढे चालू राहिलं. दुःखी नोकरीतून निघणाऱ्याला संस्थेबद्दल असं प्रेम वाटण्याचं कारण नसतं, पण त्याच्या हाताखाली शिकलेली मुलं, त्याच्याकडे ठेवी ठेवलेल्या बाया, त्याने इंजेक्शन दिलेले पेशंट तिथेच असतात. त्यांच्यासाठी अर्धवट राहिलेला पाठ कुठल्या पानावर आहे, कुणाची एफडी कधी संपते, कुणाचं ड्रेसिंग परवा आहे, याची यादी दोन प्रतींत करावी. एक नव्या माणसाला द्यावी, एकीवर त्याची सही घ्यावी. शेवटच्या दिवशी ती यादी, कार्यमुक्तीचं पत्र, दाखला आणि मूळ गुणपत्रकं एका पाकिटात घालून मगच पायऱ्या उतराव्यात. गुणपत्रकं दिली नाहीत तर तिथेच उभं राहून लेखी मागणी द्यावी. पुण्याच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट त्याच रात्रीचं काढलेलं नसावं.